एकशे चौदा झिजलेले दगड

५ जानेवारी, सोमवार

म्युझियमवाल्या बाईंनी सांगितलं की सापडलेल्या प्रत्येक दगडाची नोंद ठेवा. तारीख, जागा, भरती की ओहोटी. म्हणून ही वही.

दोन महिन्यांत किनाऱ्यावर जे काही गोळा केलं त्यातले नऊ निवडून गेल्या बुधवारी मी त्यांच्याकडे नेले होते. बुधवारी बाई लोकांचे दगड फुकट बघून देतात. निकाल असा: सहा साधे दगड, एक काच, एक विटेचा तुकडा आणि एक जीवाश्म. म्हणजे कधीकाळी जिवंत असलेलं, आता दगड होऊन बसलेलं. माझा होता तो शिंपल्याचा अर्धा तुकडा. विटेचा तुकडा मी शार्कचा जबडा म्हणून नेला होता. बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

त्या म्हणाल्या, "आपल्या किनाऱ्यावर सापडतं ते लाटांनी घासून निम्मं झालेलं असतं. म्हणून ओळखायला अवघड. गोड्या पाण्यात धुवा आणि ठेवून द्या. बाकी काही करू नका." मी मान डोलावली. बेचाळीस वर्षं कवळ्या बनवल्यात मी. कुठल्या वस्तूला काय लावायचं हे मला कुणी सांगायला नको. पण बाई तरुण आहेत, त्यांना काय माहीत.

आमच्या कामात डेंटिस्टकडून तोंडाचा साचा यायचा, त्यावर मी दात बसवायचो. माणूस यायचा नाही. ते बरं होतं, माणसं फार बोलतात. आता बोलायला घरात ताई आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यावर चार वर्षांपूर्वी इथे राहायला आली. मी लग्न केलेलं नसल्यामुळे तिला फक्त माझ्याशी जमवून घ्यायचं होतं. ते अजून चालू आहे.

११ जानेवारी, रविवार

ओहोटी सकाळी नऊला. धक्क्याच्या डावीकडचा गोट्यांचा पट्टा. सापडले: पाच.

ताई बरोबर आली. पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. म्हणे गुडघे. गुडघे दुखत असतील तर घरी बसावं, असं मी म्हणालो. "घरी बसूनही दुखतातच," म्हणाली. किनाऱ्यावर तिने एक जागा धरली आणि बसली. मी तासभर वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला करून घेतला आणि दोन आणले. तिने बसल्या जागी गोट्यांवरून हात फिरवत तीन काढले होते, तेही समुद्राकडे तोंड करून. त्यातलं एक तर हाड निघालं. फार जुनं हाड जिभेला चिकटतं, हे बाईंनीच सांगितलेलं. हे चिकटलं. काही लोकांचं नशीबच असं असतं.

दुपारी भाच्याचा फोन. ताईचा हा एकुलता एक मुलगा, आणि राहतो दिवसभराच्या प्रवासावर. त्याचं नेहमीचं पालुपद. "आई, तू इकडे ये ना. खोली रिकामी पडली आहे, नववा मजला असला तरी लिफ्ट आहे."

"मी काय सामान आहे का रिकाम्या खोलीत ठेवायला?" ताई म्हणाली.

मग फोन माझ्याकडे. "मामा, खरं सांग. तिचं सगळं नीट चाललंय ना? तुझ्या भरवशावर आहे मी. जरा काही वावगं वाटलं तर कळव, मी येऊन घेऊन जातो. मग तिचं ऐकणार नाही."

गुडघे सोडले तर काही नाही, असं मी सांगितलं. ताई बाजूलाच उभी होती. फोन ठेवल्यावर तिने न मागता चहा केला.

१६ जानेवारी, शुक्रवार

समुद्र खवळलेला. नोंद नाही. म्हणून घरातली नोंद करतो.

ताईच्या वाईट सवयी वाढत चालल्या आहेत. कपात चहा ओतताना बोट कपाच्या आत घालते. मी बोललो तर म्हणाली, "माझंच बोट आहे, उंदराचं नाही." वर्तमानपत्र वाचणं सोडलं आहे. हल्लीची छपाई भिकार आहे म्हणते आणि मला मोठ्याने वाचायला लावते, अगदी निधनवार्तासुद्धा. बोलताना माझ्याकडे सरळ बघत नाही, मान वळवून कडेने बघते, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे वस्तू जागेवर ठेवण्याचं वेड. काल मी स्टूल बोळात विसरलो तर तासभर बोलणी खाल्ली. तिच्या नडगीला लागलं होतं म्हणा. पण बोळात दिवा होता.

दगड एकोणपन्नास झाले. माझ्या खोलीत ट्रे ठेवायला जागा नाही. पलंगाखाली, कपाटावर, खिडकीत, सगळीकडे ट्रे. आज ताई आरामखुर्चीत डुलक्या काढत होती तेव्हा तिच्या खोलीचं माप घेतलं. पूर्वेच्या भिंतीला तीन उघडी कपाटं सहज बसतील. उजेड चांगला येतो. भाचा एवढा मागे लागला आहे तर तिने जाऊन पाहायला काय हरकत आहे, असं मनात आलं. हे वहीत लिहायला नको होतं. पण खाडाखोड केली की वही खराब दिसते, म्हणून राहू देतो.

२४ जानेवारी, शनिवार

ओहोटी सकाळी साडेसातला. सापडले: अकरा, त्यातले आठ ताईचे.

आज एक गंमत झाली. मी भिंग डोळ्याला लावून एका गोल दगडाशी अर्धा तास झटत होतो. ताई पलीकडे बसून मोजे घड्या करत होती. म्हणाली, "आण इकडे." दगड हातात घेतला, नजर खिडकीकडेच, आणि अंगठा फिरवला. "यावर पाच ओळी आहेत. वरून निघून खाली गेल्यात. सुईने टोचल्यासारख्या." भिंगातून पाहिलं. होत्या. पुस्तकात पाहिलं तर समुद्रातला काटेरी गोळा, काटे गळून गेल्यावर उरतो तो.

मग मी तिच्यापुढे ट्रेच ठेवला. "हे हाड. हे दगड आहे, फेक. हा दात, कड बघ केवढी सरळ. हे काय आहे मला माहीत नाही, पण एका अंगाला जाळी आहे." जाळी म्हणजे पोवळं. तासाभरात सव्वीस झाले. पुस्तकाशी ताडून पाहिलं, चोवीस बरोबर.

ताई तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात तपासणीला होती. तागा हाताखालून सरकायचा आणि गाठ लागली की ही थांबवायची. ती सवय अजून बोटात आहे, त्यामुळे यात तिचं असं काही विशेष नाही. पण उपयोगी आहे. तिची खोली रिकामी झाली तर हे काम कोण करणार, हाही प्रश्न आहे.

२८ जानेवारी, बुधवार

सव्वीस दगड आणि त्यांची यादी घेऊन म्युझियममध्ये गेलो. बाईंनी सव्वीसही दगड बघितले आणि भुवया वर केल्या. "इतके झिजलेले तुकडे आमच्याकडची शिकलेली माणसंही चुकतात. हात आहे तुम्हाला." मार्चमध्ये एक काचेचं कपाट लोकांनी शोधलेल्या वस्तूंसाठी ठेवणार आहेत. त्यात माझे वीस दगड, खाली माझं नाव.

यादी ताईने केली हे मी सांगितलं नाही. सांगणार होतो, पण त्यांच्याकडे दुसरे गृहस्थ आले. ते पंधरा मिनिटांनी आले हे खरं आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

एकूण एकशे चौदा.

म्युझियमच्या कपाटात ठेवायचे म्हणजे असे मळकट कसे द्यायचे? माळ्यावरून जुनी मोटर काढली. ब्रश, घासायची प्युमिसची पूड, कापडी चाक, सगळं जागच्या जागी होतं. कवळी कितीही चांगली बसली तरी पॉलिश केल्याशिवाय ती कवळी नव्हे, हे मी नव्या कारागिरांना पहिल्या दिवशी सांगायचो. केसाएवढं खडबडीत राहिलं तरी जिभेला डोंगरासारखं लागतं.

एक पोवळं घेऊन बघितलं. मळका गोटा होता तो. दहा मिनिटांत त्यावर फुलंच फुलं उमटली, सहा पाकळ्यांची, एकाला एक चिकटून. माझ्या हातून इतकं सुंदर काम कधी झालं नव्हतं. मग थांबवेना. आज चाळीस केले. जेवायला ताईने तीन हाका मारल्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एकशे सात झाले. उरलेले सात ताईच्या झग्याच्या खिशात आहेत, ते ती बसल्या बसल्या चाळवत असते. दिले नाहीत. हट्टी बाई.

बाकीचे सगळे ओळीने मांडून तिला बोलावलं. तिने एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, बराच वेळ धरून ठेवला. मग तिसरा.

"काय केलंस हे?"

"पॉलिश."

"सगळे सारखेच झाले रे."

मी म्हणालो, सारखे कसे, आता तर एकेकाचं रूप खुललं आहे. ती बोळातल्या मोटरच्या खोक्याला अडखळून आपल्या खोलीत गेली. तीन दिवस राबलो त्याचं एवढंच कौतुक. मला वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंही नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

ओहोटी होती, ताई आली नाही. काल आणि परवाही नाही. एकट्याने फिरून तीन आणले. तिघांबद्दलही काही सांगता येत नाही.

ट्रे तिच्यापुढे ठेवला तर म्हणाली, "तुझे तू बघ." दूध उतू गेलं, तेही तिच्या समोर. भाच्याचा फोन आला तेव्हा मी बोलता बोलता सांगितलं की हल्ली तिचं लक्ष नसतं, नडगी काळीनिळी झाली आहे, मान वाकडी करून बसते. मला वाटलं हवापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत. तो एकदम वीस तारखेला येतो म्हणाला, चार दिवसांची रजा टाकून.

ताईला सांगितलं. तिने हातातला चमचा खाली ठेवला. "तुला कोणी विचारलं होतं?"

"त्याने विचारलं."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

म्युझियम. लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

बाईंनी पहिला ट्रे उघडला आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. "हे तुम्ही घरी केलंत?" मी मोटरबद्दल सांगायला लागलो. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "फार देखणे झालेत. पण मला आता यांचं काही करता येणार नाही. झिजलेल्या दगडावर जे काही ओळखायचं उरलेलं असतं ते सगळं वरच्या पापुद्र्यात असतं. लाटांनी जेवढं शिल्लक ठेवलं होतं तेवढं तुम्ही काढलंत. पोवळ्यांची नक्षी आतपर्यंत असते, ती दिसते. बाकीचे संपले."

काचेच्या कपाटाचं मी विचारलं नाही. त्यांनीच दुसऱ्याने आणलेला एक मळका तुकडा पुढे केला. "हा बघा बरं. तुमची पहिली यादी इतकी अचूक होती." मी उलटासुलटा केला, भिंग लावलं. मला एक दगड दिसत होता.

"ती यादी माझ्या ताईने केली होती," मी म्हणालो.

"मग त्यांना घेऊन या," त्या म्हणाल्या. एवढंच.

घरी आल्यावर ताईला हे सांगायचं होतं. पण ती बोलत नाही, आणि आधी कोणी बोलायचं यावर आमचं लहानपणापासून घोडं अडतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

भाचा आला. बारीक झाला आहे. आल्या आल्या आईचे डबे, गोळ्या, चपला, सगळं बघत फिरला. ताई त्याच्यापुढे टुणटुणीत होती, चार वेळा उठली बसली, चहा स्वतः केला. बोट कपात घातलं नाही. चहा थोडा टेबलावर सांडला.

रात्री जेवताना तो मला हळूच म्हणाला, "मामा, ती मला ठीक नाही वाटत. मी तिला घेऊन जायच्या तयारीनेच आलोय." महिन्याभरापूर्वी हेच ऐकून मी सुताराला कपाटं सांगायला गेलो असतो. आता काय झालं ते मला सांगता येत नाही. ती जाऊ नये असं वाटलं, एवढं खरं.

म्हणून ठरवलं की उद्या भाच्याला दाखवून द्यायचं की त्याची आई किती तल्लख आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. सांगितलं की म्युझियमवाल्या शिकलेल्या बाईंना जे येत नाही ते तुझ्या आईला येतं, यादी तिची आहे, मी आयती लाटली. सगळं कबूल केलं. ताई माझ्याकडे कडेने बघत होती. खूश दिसत होती. मला जोर चढला.

"थांब, आत्ता दाखवतो," म्हणून मी उठलो. चूक व्हायला नको म्हणून मुद्दाम सगळ्यात सोपा दगड निवडला. ते पहिलं पोवळं, फुलाफुलांचं. शेंबडं पोरही सांगेल असं.

"आत्ता नको," ताई म्हणाली.

"अगं घे तर."

"नको म्हणते ना मी."

मी तो तिच्या हातात कोंबला. तिने अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. उलटा केला. पुन्हा फिरवला. भाचा तिच्याकडे बघत होता, मी भाच्याकडे.

"दगड आहे," ती म्हणाली. "साधा. गुळगुळीत."

मी हसलो. थट्टा करते आहे असं मला वाटलं. भाच्याने तो दगड तिच्या हातातून घेतला, टेबलावर तिच्यासमोर ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "आई, यावर काय दिसतंय?"

ताईने मान वळवली. आधी इकडून, मग तिकडून. मग सरळ केली.

"दिसत नाही," ती म्हणाली. "वर्ष होऊन गेलं. तुझा चेहराही दिसत नाही. बारीक झालायस असं आवाजावरून वाटतं."

भाचा उठून बाल्कनीत गेला. मी टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

मागचं सगळं पुन्हा वाचलं. पाच जानेवारीपासून. प्रत्येक पानावर लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

सकाळी भाचा डॉक्टर शोधायला बाहेर गेला. ताई खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मी दारात उभा राहिलो.

"मला सांगायचं नाही होय?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी त्याला फोन केला असतास."

"असं कसं म्हणतेस?"

"अरे शहाण्या, खोली मोजत होतास ना तू? टेप सटकन आत जाते त्याचा आवाज येतो. डोळे गेलेत, कान आहेत."

मी म्हणालो, हो, मोजत होतो. तीन कपाटं बसत होती. का कोण जाणे, तेही सांगितलं. ती घड्या करत राहिली. माझे दोन सदरे होते त्यात, त्यांचीही घडी केली.

"आणि ते दगड," ती म्हणाली, "तेवढं एक काम होतं ज्यात मला तुझ्याहून जास्त कळत होतं. तेही घासून टाकलंस."

मी फार शरमलो. इतका शरमलो नव्हतो कधी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांचे डॉक्टर. तासभर तपासलं. मधली नजर गेली आहे, कडेची आहे. गेली ती परत येणार नाही, आहे ती बहुतेक राहील. चष्म्याचा उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. घरात वस्तू जागच्या जागी ठेवा, असं त्यांनी आम्हाला बजावलं. ताईने माझ्या दिशेने मान वळवली.

बाहेर येऊन भाचा म्हणाला, "उद्या दुपारी निघू. मामा, तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण वर्षभर तू हिच्यासमोर बसून जेवतोयस. तुला कळलं नाही. मग मी हिला तुझ्यावर सोडून कसा जाऊ?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी ताईची बॅग भरली गेली. चार वर्षांचा संसार, पण बॅग एकच लागली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ओहोटी सकाळी आठला. सापडलं काही नाही, शोधलंही नाही.

भाचा झोपेत होता. ताई चपला घालून दारात उभी. "चल, एकदा जाऊन येऊ." तिने दंड धरला. या वेळी मी प्रत्येक पायरी मोजून सांगितली. एकोणीस आहेत. इतकी वर्षं उतरतो आहे, आज कळलं.

ती नेहमीच्या जागी बसली. हात मात्र मांडीवर ठेवले.

"समोर काय आहे?" तिने विचारलं.

"समुद्र."

"तो मला ऐकू येतो. बघून सांग."

मी बघून सांगू लागलो. पाणी करडं आहे, लांबवर एक पट्टा उजळ आहे. धक्क्यावर एक माणूस जाळं झटकतो आहे, त्याची पँट एका पायाला दुमडलेली आहे. दोन कुत्री, एक लंगडं. लाट परतते तेव्हा वाळूवर फेसाची रेघ राहते आणि ती दहा मोजेपर्यंत विरते. पुढचं सुचेना तेव्हा ती म्हणायची, "आणखी." घसा कोरडा पडला.

"आता मी कशी दिसते ते सांग," ती म्हणाली. "आरशात नुसतं मधे भोक दिसतं."

मी वळून बघितलं. चाळीस हजार दात केले असतील मी, पण एक अख्खा चेहरा असा बसून बघितला नव्हता. म्हणालो, केस सगळे पांढरे झालेत. कपाळावर तीन आठ्या, मधली तुटलेली. उजव्या गालावर डाग आला आहे, नखाएवढा. हनुवटी आईसारखी. डोळे चांगले दिसतात, कोणाला कळणार नाही. इथे मी थांबलो.

"आणि?"

"आणि तू रडते आहेस."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. पदराने नाक पुसलं.

मी म्हणालो, "ताई, जाऊ नकोस."

"कशाला राहू? दगड ओळखायला?"

"पहिल्यांदा तेच मनात आलं होतं."

"आणि आता?"

"आता मला तू घरात हवी आहेस. मला एकट्याला भीती वाटते. आणि तुला त्या नवव्या मजल्यावर काही करू देणार नाहीत, चहासुद्धा."

तिने मग हात पुढे केला, उठवायला. "मला राहायचंय की नाही हे आजवर कोणी विचारलंच नाही. राहायचंय. पण त्याला मी सांगणार नाही. तू सांग. आणि खोली मोजलीस तेही सांग, नाहीतर तो तुझं ऐकणार नाही."

एकोणीस पायऱ्या चढून वर आलो. भाचा चहा करत होता. मी त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. टेप, कपाटं, पॉलिश, यादी. पाच जानेवारीपूर्वीचंही आठवेल तेवढं. मग ही वही त्याच्या हातात दिली. तो खिडकीपाशी उभा राहून पहिल्या पानापासून वाचत गेला. मधे एकदा हसला, बहुधा विटेच्या तुकड्याला. नंतर हसला नाही. चहा गार झाला.

वही मिटून त्याने बोळाकडे पाहिलं. मोटरचं खोकं अजून तिथेच होतं. ते त्याने उचललं, माळ्यावर ठेवलं, हात झटकले. आईला जाऊन काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. तिने "हो" म्हटलेलं तेवढं ऐकू आलं.

दुपारच्या गाडीने तो एकटाच गेला. तीन महिन्यांनी परत येणार आहे, तपासायला. ताईला नाही, मला.